दोन हारींनंतरचा डाव

लागोपाठ दोन डाव हरलेल्या माणसाला तिसरा डाव खेळानं गुपचूप जिंकू देऊ नये, असं माझं मत आहे. नेम धरताना सोंगटी कुठं जाणार हे आधीच दाखवणारी रेघ पडद्यावर नसावी. सोंगटी भोकात गेली की दर वेळी फटाके फुटू नयेत. एक दिवस आला नाहीस तर तुझी रोज खेळण्याची साखळी तुटेल, अशी धमकी खेळानं माणसाला देऊ नये. आणि समोर यंत्र असेल तर यंत्र आहे असं स्पष्ट लिहावं. त्याला चष्मा लावून नागपूरचा मास्तर करू नये.

ही मतं मी तीन ठिकाणी मांडली. पुतण्याला सांगितली. तो संगणकाच्या धंद्यात आहे, तो हसला. खेळ बनवणाऱ्या कंपनीला इंग्रजीत लिहून पाठवली. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर दोन मिनिटांच्या आत आलं, म्हणजे तेही यंत्रानंच लिहिलेलं होतं. तिसऱ्यांदा माझ्या थोरल्या भावाला सांगितली. ती सांगितल्यानं काय झालं ते लिहायचं आहे.

माझं काम मोजण्याचं. गोरव्याला, शहराच्या औद्योगिक भागात, एका कारखान्यात झडपांचे सुटे भाग तयार होतात, ते बाहेर पडण्याआधी माझ्या टेबलावरून जातात. अठ्ठावीस वर्षं हेच करतो आहे. दोन शतांश मिलिमीटर कमीजास्त चालतं, तीन चालत नाही. तीन निघाले की माल परत, मग बाहेर ट्रक उभा असो की साहेब उभे असोत. या सवयीमुळे कारखान्यात माझा मान आहे आणि घरात सगळ्यांना ताप आहे, असं बायको म्हणते. तिचं म्हणणं मी खोडून काढू शकलेलो नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शाळेत चित्रकला शिकवायचा, आता निवृत्त होऊन हरणीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका सोसायटीत तळमजल्यावर राहतो. आम्ही दोघं एकतीस वर्षं दर रविवारी सकाळी कॅरम खेळत आलो. लग्नकार्य, आजारपण आणि दंगलीतली संचारबंदी सोडली तर खंड नाही. मी दहाच्या सुमारास सेवउसळीचं पार्सल घेऊन जायचो, वहिनी पाव भाजायच्या, आणि जेवणापर्यंत एकोणतीसचे तीन गेम व्हायचे. दादा माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. शंभरातले साठ त्याचे, चाळीस माझे, असं साधारण धरा. मोजलेले नाहीत म्हणून साधारण म्हणतो.

कॅरम आम्हाला वडिलांनी शिकवला. ते कचेरीत कारकून होते आणि त्यांचे वडील इथल्या जुन्या संस्थानच्या हिशेब खात्यात. मुलांशी खेळताना मोठी माणसं एखादा डाव सोडतात, मूल खूश होतं. आमच्याकडे तसं कधी झालं नाही. वडील सात वर्षांच्या मुलालाही कोरा हरवायचे, एकही सोंगटी घेऊ न देता. आई म्हणायची, अहो लहान आहे, एखादा द्या. ते म्हणायचे, सोडलेला डाव म्हणजे समोरच्याला दिलेली शिवी. दादानं त्यांना पहिल्यांदा हरवलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, मी चौदाव्या वर्षीच हरवलं. दोन्ही वेळी वडील उठले, हात धुऊन आले आणि आपला स्ट्रायकर आमच्या हातात ठेवला. तो डाव खरा होता हे आम्हाला माहीत होतं आणि ते आजतागायत पुरलेलं आहे.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीनंतर दादाला पक्षाघाताचा झटका आला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून बोलणं महिनाभरात परत आलं, पायही आला. उजवा हात मात्र अर्धवट राहिला. त्यातही तर्जनी. ती तळव्याकडे वळलेली असायची आणि उघडत नव्हती. कॅरम खेळणाऱ्याला दुसरी नऊ बोटं नसली तरी चालतील, पण ते एक हवं. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ मुलगी यायची. तिच्याकडे कोनमापकासारखं एक साधन होतं, ते बोटाला लावून बोट किती उघडतं ते ती मोजायची. पहिल्यांदा मोजलं तेव्हा वीस अंश.

मी आकडा लिहून घेतला. मोजमाप करणारी कोणीतरी घरात आली याचं मला बरं वाटलं होतं.

दादानं बोर्ड कपाटामागे उभा करायला लावला आणि मला म्हणाला, बोट उघडलं की काढू. तेव्हापासून आम्ही सगळे त्या एका गोष्टीची वाट बघत होतो. दोन्ही घरांत विचारलं जायचं ते इतकंच, की बोट किती आलं.

फिजिओनं दिलेले व्यायाम असे होते: वाटीतले राजम्याचे दाणे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. कपडे वाळत घालायचे चिमटे दाबायचे. दादानं दोन दिवस केलं, मग वाटी सरकवून दिली. राजमा खायचा असतो, त्याच्या बदल्या करायच्या नसतात, असं म्हणाला. वहिनी चिडल्या, रडल्या, मग त्यांनी खरोखर त्या राजम्याची भाजी केली. वीसचे बावीस झाले आणि तिथंच थांबले.

होळीला पुतण्या पुण्याहून आला, त्यानं बापाला एक टॅब आणला आणि त्यात कॅरमचा खेळ टाकून दिला. पडद्यावर बोर्ड, बोटानं स्ट्रायकर मागे ओढायचा आणि सोडायचा. पुतण्यानं अट घातली, उजव्याच हाताचं बोट वापरायचं. दादा आधी तोंड वाकडं करून बसला. पण तिसऱ्या डावात त्यानं राणी घेतली, तिच्यामागं सोंगटीही घेतली, पडद्यावर फटाके फुटले, आणि तो हसला. चार महिन्यांनी हसला, असं वहिनींनी मला फोनवर सांगितलं.

मग तो रोज दोन-दोन तास खेळायला लागला. बोट पंचवीस झालं, तेहेतीस झालं. पावसाळा सुरू झाला तेव्हा पंचेचाळीस अंश. फिजिओ म्हणाली, साठ झालं की साहेब तुम्ही खऱ्या बोर्डावर बसा.

मलाही आनंद झाला होता हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

रविवारी मी गेलो की दादा टॅबमध्ये असायचा. थांब, हा एक डाव, म्हणायचा. त्या एका डावाचे पाच व्हायचे. मी बाजूला बसून बघायचो. जगभरातले खेळाडू समोर येतात, असं त्यात लिहिलेलं होतं. प्रत्येकाचा छोटा फोटो, खाली गावाचं नाव. त्यातला नागपूरचा एक चष्मेवाला वारंवार यायचा. दादानं ठरवून टाकलं होतं की तो आपल्यासारखाच शाळेतला मास्तर आहे. डाव संपला की तो टाळ्यांचं चित्र पाठवायचा आणि दादा टॅबसमोर खरोखर हात जोडायचा.

एकदा मी म्हटलं, दादा, ही रेघ दाखवतात त्यात नेम कसला राहिला? नेम धरणं हाच तर खेळ आहे. तो पडद्यावरून मान न उचलता म्हणाला, "तुला जळायला झालंय. हा नागपूरकर तुझ्यापेक्षा बारीक खेळतो."

मी हसण्यावारी नेलं. पण घरी येताना स्कूटरवर तेच वाक्य डोक्यात होतं. तुझ्यापेक्षा बारीक. एकतीस वर्षं खेळल्यावर.

दुसऱ्या दिवशी मी तो खेळ माझ्या फोनवर घेतला. माझा हेतू स्वच्छ होता असं लिहिलं तर ते खोटं होईल.

तीन आठवडे खेळलो आणि प्रत्येक डाव वहीत लिहिला. एकूण एकशे बारा डाव. चौदा वेळा मी लागोपाठ दोन हरलो, आणि चौदाही वेळा तिसरा जिंकलो. समोरचा खेळाडू विचार करायला तीन ते पाच सेकंद घ्यायचा, सोपी सोंगटी असो की अवघड, कधी दोन नाहीत आणि कधी सहा नाहीत. शेवटची एक सोंगटी उरली की भल्या भल्या खेळाडूंचा हात थरथरायला लागायचा. मग मी आणखी एक गोष्ट केली. खेळायचंच नाही असं ठरवलं. डाव सुरू करून फोन टेबलावर ठेवून दिला, माझी पाळी आली की वेळ संपू दिली. सुरतेचा म्हणवणारा समोरचा गडी भराभर राणी आणि आठ सोंगट्या घेऊन गेला. नववी भोकाच्या काठावर होती. ती त्यानं अकरा वेळा चुकवली. माझी वाट बघत होता बिचारा.

रेघेचा संशय होताच. कारखान्यातला नव्हे, माझा घरचा व्हर्निअर घेतला, काचेला चरा पडू नये म्हणून त्याच्या जबड्यांना चिकटपट्टी लावली आणि पडद्यावरची रेघ मोजली. जिंकल्यानंतरच्या डावात बेचाळीस मिलिमीटर. दोन हारींनंतर एकसष्ट. चार वेळा मोजलं, चारही वेळा तेच.

बायको चहा घेऊन आली आणि मी फोनला व्हर्निअर लावून बसलेलो पाहून तशीच परत गेली.

पुतण्याला फोन केला. तो हसला, मग शांतपणे म्हणाला, काका, हे सगळे खेळ असंच करतात, ही काही चोरी नाही. माणूस सारखा हरला तर खेळ काढून टाकतो. जिंकायला मिळालं तर राहतो. खेळ बनवणाऱ्याला त्याला ठेवायचं असतं.

मी म्हटलं, ठेवायचं असेल तर चांगला खेळ करा. सोपा डाव ठेवायचा तर सोपा डाव असं वर लिहा, मी स्वतः तो निवडीन. न सांगता सोपं करणं म्हणजे फसवणं. माझ्या टेबलावर बाद झालेला भाग मी न सांगता पास केला तर मला घरी बसवतील.

"काका, बाबांचं बोट झडप नाहीये," तो म्हणाला. "ते हसतायत. प्लीज त्यांना सांगू नका."

मी बरं म्हटलं. आणि पाच रविवार खरोखर गप्प बसलो. नागपूरकराच्या गोष्टी ऐकल्या. दादा लागोपाठ सतरा डाव जिंकला त्या दिवशी वहिनींनी शिरा केला होता, तोही खाल्ला.

श्रावणात सोसायटीनं गणपतीतल्या स्पर्धांची यादी लावली. धावणं, रांगोळी, संगीत खुर्ची, कॅरम. दादानं कॅरममध्ये नाव दिलं. खऱ्या बोर्डावर, सभागृहात, सगळ्या सोसायटीसमोर. मला म्हणाला, बोट साठ व्हायला अजून अवकाश आहे, पण नेम परत आलाय. सतरा डाव कोणी उगाच देत नाही.

आता हा माणूस तीनशे लोकांसमोर बसणार, स्ट्रायकरला बोट लावणार आणि स्ट्रायकर वीतभर जाऊन थांबणार, हे मला दिसत होतं. म्हणून सांगितलं. हे कारण खरं आहे. पण एकच कारण नव्हतं. तुझ्यापेक्षा बारीक, हेही माझ्या खिशात होतं. दोन्हींचं प्रमाण किती ते मला अजून मोजता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेलो. दादा झोपाळ्यावर बसलेला होता, वहिनी आत. मी त्याच्या शेजारी बसून सगळं क्रमानं सांगितलं, चौदापैकी चौदा, अकरा वेळा काठावरची सोंगटी, बेचाळीस आणि एकसष्ट. तो माझ्या वहीकडे बघत होता. शाळेत मुलांच्या वह्या तपासायचा तसा त्यानं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. उजव्या हाताचं बोट.

"नागपूरचा?" त्यानं विचारलं.

"तोही यंत्रच. त्याचेही तीन ते पाच सेकंद."

त्यानं टॅब उचलला, बाजूचं बटण दाबून बंद केला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "बोर्ड काढ."

मी म्हटलं, साठ होऊ दे. तो म्हणाला, "तू सांगितलंस ना? मग काढ."

मी बोर्ड पुसायला फडकं आणायला आत गेलो. वहिनी ओट्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, आज एवढा एक डाव द्या त्यांना. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

मी म्हटलं, वहिनी, ते आमच्याकडे चालत नाही. दादाला कळलं तर त्याला जास्त लागेल. फडकं घेऊन मी बाहेर आलो. मला माझ्या उत्तराचा थोडा अभिमानही वाटला.

बोर्ड मांडला. पावडर टाकली. एकोणीस सोंगट्या लावल्या. फोडायचा मान दादाला दिला, तो मोठा आहे म्हणून, नेहमीप्रमाणे. त्यानं बोट स्ट्रायकरमागे आणलं. ते उघडायला वेळ लागत होता, आधी थरथरायचं, मग एकदम सुटायचं. स्ट्रायकर सोंगट्यांच्या घोळक्यापर्यंत पोचला आणि त्याला जेमतेम टेकला. एकही सोंगटी हलली नाही म्हटलं तरी चालेल.

पहिला बोर्ड, म्हणजे पहिला डाव, मी घेतला. त्याची एकही सोंगटी गेली नव्हती. दुसऱ्यात त्यानं एक घेतली, ती मात्र सुंदर, कट मारून. ती गेली तेव्हा त्यानं सवयीनं फटाक्यांची वाट बघितल्यासारखी एक क्षण मान वर केली. तो बोर्डही माझा. दादाच्या कपाळावर घाम होता. पंखा चालू होता तरी. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदराला हात पुसत.

तिसऱ्या बोर्डात माझी शेवटची सोंगटी भोकाच्या काठावर होती, समोरासमोर, एका सरळ रेषेत. राणी माझ्याकडे आधीच आलेली होती. अशी सोंगटी मी एकतीस वर्षांत चुकवलेली नाही. चुकवूच शकत नाही असं नाही, पण चुकवलेली नाही. दादाच्या सहा बाकी होत्या.

मी ठरवलं नव्हतं. हे वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण मी ठरवलं नव्हतं. स्ट्रायकर ठेवताना बोट एक सूत बाजूला गेलं, मला कळलं की गेलं आहे, आणि मी ते परत आणलं नाही. स्ट्रायकर सोंगटीला न लागता लाकडावर आदळला. त्याचा आवाज वेगळा येतो.

दादा बोर्डाकडे बघत नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता.

मग तो म्हणाला, "यंत्र बरं होतं. त्यानं सोडलेला मला कळत तरी नव्हता."

मी काहीतरी म्हणायला लागलो, हात घसरला असं. त्यानं डावा हात वर करून थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, सोंगट्या मोजून डब्यात टाक, एकोणीस, तुला मोजायला आवडतं.

मी मोजल्या. एकोणीस होत्या. सेवउसळ तशीच राहिली, पाव कोणी भाजला नाही. निघताना चपला घालताना माझ्या लक्षात आलं की दोन हारी आणि मग तिसरा. त्या कंपनीनं जे चौदापैकी चौदा वेळा केलं, तेच मी पहिल्याच संधीला केलं, आणि त्यांच्याइतकं सफाईनंही नाही. ते रेघ एकोणीस मिलिमीटरनं लांबवतात आणि माणसाला हात जोडायला लावतात. मला एक सूत लपवता आलं नाही.

दादानं स्पर्धेतलं नाव काढून घेतलं. टॅब कपाटात गेला. राजमा नाही, चिमटे नाहीत. दिवाळीच्या आधी फिजिओनं मोजलं तेव्हा बोट अडतीस अंशांवर आलेलं होतं. सात अंश गेले. पुतण्याचा फोनवर एका शब्दाचा निरोप आला: 'खूश?' वहिनी भांडल्या नाहीत, फक्त जेवूनच जा म्हणणं त्यांनी बंद केलं. मी रविवारी जात राहिलो. आम्ही टीव्ही बघायचो. क्रिकेट असलं तर बरं असायचं, कारण त्यात बोलायला आकडे असतात.

मग थंडीत कारखान्यात लेखापरीक्षण निघालं आणि माझे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी गेलो तर दार उघडंच होतं, आणि आतून स्ट्रायकरचा आवाज आला.

बोर्ड मांडलेला. एका बाजूला दादा. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. घरात दिवसभर पायात येतात म्हणून बायकोनं खाली पिटाळलेले, असं नंतर वहिनींनी सांगितलं. कॅरम त्यांना मुळीच येत नव्हता. स्ट्रायकर असा धरायचे, जसा कोणी देवळाच्या पेटीत नाणं टाकतो. दादा त्यांना शिकवत होता. बोट असं मागे घ्यायचं, असं उघडायचं, मनगट हलवायचं नाही. शिकवताना तो स्वतः करून दाखवत होता. दहादा, वीसदा. बोट उघडत होतं. मी दारातूनच अंदाज बांधला, पंचावन्नच्या पुढे असावं.

मला बघून काका आपली जागा मला द्यायला उठू लागले. "आवो आवो, तमे रमो. हुं तो हजी शीखुं छुं."

"बसा तुम्ही," दादा त्यांना म्हणाला. "याला घाई नाही."

मी झोपाळ्यावर बसलो. वहिनींनी पाणी आणून दिलं. बोर्डावर काकांची एक सोंगटी भोकाच्या काठावर होती, सरळ समोर. अगदी तशीच. मी त्यांच्या हाताकडे नीट बघत राहिलो, माल तपासताना बघतो तसा. त्यांनी श्वास रोखला, जीभ बाहेर काढली, जोर लावला, आणि स्ट्रायकर सोंगटीच्या बाजूनं जाऊन लाकडावर आदळला. आवाज तोच. पण चूक खरी होती. मी शपथेवर सांगू शकतो की खरी होती. काकांनी कपाळावर हात मारला आणि दादा मोठ्यानं हसला. मग त्यानं आपल्या उरलेल्या दोन सोंगट्या घेतल्या आणि डाव संपवला.

काका जेवायला वर गेले. दादा बोर्ड पुसत होता. मी झोपाळ्यावरून उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो, माझ्या खुर्चीत, आणि म्हटलं, "एक लावायचा का? पूर्ण ताकदीनं खेळतो. कोरा हरवतो तुला."

तो हसला नाही आणि चिडलाही नाही. पुसता पुसता म्हणाला, "तुझ्याशी नको रे. तू जिंकलास तर ठीक. पण मी जिंकलो तर मी जिंकलो की नाही, ते मला कधीच कळणार नाही."

मी म्हटलं, दादा, एकदाच झालं ते. एकतीस वर्षांत एकदा.

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच. चहा घेणार?"

चहा घेतला. फिजिओनं परवा मोजलं तेव्हा सत्तावन्न भरलं, हे त्यानंच सांगितलं. मी आकडा लिहून घेतला नाही, लक्षात राहिला. माझी मतं अजून तीच आहेत. रेघ नसावी, फटाके नसावेत, डाव सोडायचा असेल तर तोंडावर सांगून सोडावा. फक्त आता ती मी कोणाला सांगत नाही, कारण ऐकणारा पुढं विचारील की मग तुम्ही काय केलंत.

कप ठेवून मी उठलो तेव्हा दादा सोंगट्या डब्यात टाकत होता. उजव्या हातानं, एकेक, अंगठा आणि तर्जनी, राजम्यासारख्या. मनातल्या मनात मीही मोजत होतो. एकोणीस झाल्या तेव्हा त्यानं झाकण लावलं.